फक्की

दसऱ्यानंतर देवतळे सरांनी रजिस्टर उघडलं
तेव्हा अकरा नावं होती, बारावं माझं:
सुधाकर ढोबळे, राखीव.
राखीव म्हणजे फक्की मारणारा.
पहाटे, गवतावर दव असताना,
पत्र्याच्या डब्याला खिळ्याने पाडलेली भोकं,
हळूहळू पांढरी होत जाणारी माझी चप्पल
आणि सुतळीचं दुसरं टोक धरून चपराशी गुलाबराव:
"ताणून धर बे, वाकडी रेघ पाप असते."

बॉल एकच. त्याचं ब्लॅडर
सायकलवाल्या रमजानने चारदा जोडलं, ट्यूब समजून.
हेडर मारला की कपाळावर वादीचा शिक्का.
जर्सी म्हणजे जिनिंगच्या शेठने दिलेलं मांजरपाट,
हळदीत बुडवलेलं, घामात उतरणारं.
पहिल्या मॅचनंतर अख्खी टीम
लग्न लागल्यासारखी पिवळी.

गोलकीपर हिरामण उईके उन्हाळ्यातच
कामठीला छाती मोजून देऊन आला, मग गेला.
त्याच्या जागी शेषराव तेलरांधे,
जो बॉल दिसला की आधी डोळे मिटायचा.
आर्वीशी चार शून्य. धामणगावशी तीन.
देवळीची बरोबरी झाली, कारण त्यांचाही बॉल फुटला.

डिसेंबरच्या त्या शुक्रवारी रेडिओ बोलला.
शनिवारी तहसीलची जीप आली.
खिडक्यांना काळा कागद, सायकलच्या दिव्यावर शेण,
मग जमादाराचं बोट मैदानाकडे वळलं:
"हे पांढरं काय आहे? चांदण्यात वरून दिसते ना बाप्पा!
डेपो इथून अकरा मैल."
मारली मीच होती, पुसलीही मीच.
झाडूने, पाण्याने, शेवटी पायाने.
पुसलेली रेघ जास्त दिसते
हे त्या दिवशी कळलं. वर काळी माती पसरली.

त्यानंतर बिनरेघेचं खेळलो.
कॉर्नर बाभळीपाशी.
आउट म्हणजे बॉल कापसाच्या गाड्यांखाली गेला तर,
आणि तेही गाडीवान कबूल झाला तर.
रात्री आमच्यातले पाच डेपोवर हमालीला जायचे,
सकाळी हाफलाइनवर उभ्या उभ्या झोपायचे.
पेट्यांत काय असतं, विचारलं,
तर मधुकर गेडाम म्हणायचा, "जड असते."

हिरामणचं पत्र आलं. दोन ओळी शाईने झाकलेल्या.
उरलेलं असं:
इथे फक्की नाही. एक बोरीचं झाड आहे,
त्याच्यापलीकडे त्यांचं, असं सुभेदार म्हणतात.
बोरं दोन्हीकडे पडतात.
शेषरावले सांगजा, डोळे उघडे ठेव.

शेवटची मॅच हिंगणघाटची.
त्यांचे नऊच पोचले; गाड्या आधी पलटणींना.
सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढोबळे, तू तिकडून खेळ."
जर्सी उलटी करून घातली.
उलटीही पिवळीच होती.

सरांचं घड्याळ बंद पडलं होतं त्या सुमारास
बॉल माझ्यापुढे आला. कुणी दिला, आठवत नाही.
मी पाय लावला.
आणि शेषरावने, त्या साली पहिल्यांदा,
डोळे मिटले नाहीत.
बॉल छातीशी घेऊन तो खाली बसला
बांबूच्या दोन खांबांमध्ये.
पुढे की मागे?

एकवीस जण वाकून माती बघत होते.
रेफ्री भोयर पोस्टमास्तर, दोन दिवसांच्या तारा खिशात,
त्यांनीही माझ्याकडेच पाहिलं:
"रेघ तू मारत होतास. सांग."

खांबाशी सुतळीच्या खुंटीचं भोक अजून होतं,
करंगळीएवढं. मला ते दिसत होतं.
शेषरावचे डोळेही दिसत होते, सताड उघडे.
मी चप्पलवाल्या सवयीने पाय पुढे टाकला
आणि भोकावर उभा राहिलो.

रजिस्टरमध्ये निकाल आहे: एक शून्य.
एक कुणाचा, ते सरांनी लिहिलं नाही.
माझ्या नावापुढे मात्र
'राखीव' खोडून काहीतरी लिहिलंय,
शाई फुटलीय, वाचता येत नाही.