डोळे काढणं

हाचिनोहेच्या बंदरावर, चार नंबरच्या शेडमध्ये
पहाटे पाचपासून मी डोळे काढते.
माकुळाचं डोकं डाव्या हातात, अंगठा आत,
हलका पीळ, आणि डोळा बादलीत.
मग दुसरा.
मग पुढचं माकूळ.
एकतीस वर्षं. हाताला कळतं,
मला कळावं लागत नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी
नगर सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर,
बूट काढून, हात तीनदा धुऊन
(वास जात नाही, लिंबू चोळलं तरी)
मी पुन्हा डोळेच काढते.
एचबी पेन्सिलीनं.

शिकवणारी होनामी एकोणीस वर्षांची, नखं निळी.
म्हणते, आधी गोल काढा.
गोल नाही जमला तर बटाटा काढा, चालेल.
बटाट्यावर अधिकाची खूण:
उभी रेघ नाकासाठी,
आडवीवर डोळे बसतील.
आडवी खाली घ्या, नागाने-सान. अजून खाली.
अॅनिमेतल्या मुलीचं कपाळ मोठंच असतं.
शाळेत मला ह्याच कपाळावरून चिडवायचे.
तेव्हापासून ते केसांखाली आहे.

शेजारी ओइकावा, निवृत्त दंतवैद्य.
त्यांच्या हसऱ्या मुलीच्या तोंडात
मोजून बत्तीस.
होनामी म्हणाली, दात काढायचे नसतात,
नुसती पांढरी पट्टी सोडायची.
"जन्मभर दुसरं केलं काय!" म्हणत
म्हातारा जो दात काढून हसला,
की सहावीतल्या इस्सेईची रेघ हलली.
इस्सेई फक्त तलवारी काढतो.
त्याच्या योद्ध्यांचे हात खिशात असतात,
कारण बोटं येत नाहीत.
तलवार आपली शेजारी तरंगते.

मला मी हसू नये.
एक डोळा कुणालाही येतो.
दुसरा काढताना तो पहिल्याकडे बघत नाही,
कानाकडे सरकतो, मोठा होतो,
किंवा आधीच रडलेला असतो.
मग मी केसांची एक बट ओढून
झाकून टाकते.
वहीत सतरा मुली, सगळ्या एका डोळ्याच्या,
सगळ्या डावीकडे बघणाऱ्या,
जणू शेवटची बस तिकडूनच येणार आहे.

होनामीनं अठरावी उचलली,
कागद पाठमोरा करून ट्यूबलाइटसमोर धरला.
जबडा घसरलेला. कान चढलेला.
समोरून इतका वेळ बघत होते,
माझ्याच चुकीला सरावले होते.
"आणि बुबुळात एक ठिपका कोरा सोडा,"
ती म्हणाली. "उजेड येतो त्या बाजूला."
कुठून येतो?
"ते तुम्ही ठरवायचं."

शुक्रवार. बर्फ, पाण्याला धार.
माकुळाचं डोकं डाव्या हातात, अंगठा आत,
आणि त्या डोळ्यात
शेडची ट्यूब, उभी, तांदळाएवढी.
तिच्याखाली टोपी घातलेलं कुणीतरी.
मी मान हलवली, त्यानंही हलवली.
तीन माकुळं डोळ्यांसकट पुढे गेली.
हाताकेयामा पट्ट्याच्या टोकावरून ओरडला,
नागाने, झोपलीस काय!

रात्री भात लावला आणि बसले.
बटाटा. अधिकाची खूण. आडवी रेघ खाली, अजून खाली.
कपाळ उघडं ठेवलं.
दोन्ही डोळे काढले, बट ओढली नाही.
ठिपका दोन्हींत उजवीकडे,
कारण माझ्या स्वयंपाकघरात दिवा उजवीकडे आहे,
मोरीच्या वर.

मग हात राहिले. खिसे द्यावेत का?
दिले नाहीत. रबरी मोजे दिले, कोपरापर्यंत,
पाच जाडजूड बोटं. सोपी निघाली.

पुढच्या गुरुवारी होनामी विचारेल, ही कोण?
अजून ठरलेलं नाही.
दुसरा डोळा जरा खाली गेलाय.
खोडरबर हातात घेतलं होतं,
तेवढ्यात भात उतू गेला.