आखाजीचं माहेर

धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या बोळात
हकीमुद्दीनभाईंचं दुकान.
त्यांनी ते हिरव्या फडक्यातून काढलं,
शेजारचा सोनार मोडीची पाटली काढतो तसं.
"खात्यातून उतरलंय. लिलावातलं. बत्तीस बोर."
आणि मग, माझ्या तोंडाकडे न बघता,
"वापरलं कमी, मिरवलं जास्त."

उजव्या अंगाचा काळा मुलामा पार उडालेला,
वर्षानुवर्षं पट्ट्याच्या चामड्याशी घासून.
डावं अंग मात्र लग्नातल्या बुटासारखं.
मुठीवर पांढऱ्या रंगात नंबर: ४१७.
त्याखाली खिळ्याने कोरलेला एक 'भ'.
भामरे? भदाणे?
आडनाव सुरू केलं आणि साहेबाची बदली झाली असावी.

साठ सांगितले, बावन्नला तुटलं.

मी माणूस वजनकाट्याचा.
बत्तीस वर्षं दोंडाईच्यात ट्रक जोखतोय,
मिरची, भुईमूग, एकदा तर वरातीचा हत्ती.
रात्री रोकड मोजताना शटरखालून
कुत्रं घुसलं तरी बोटं आकडा विसरायची,
म्हणून परवाना. अर्जात तेच कारण लिहिलं.
दुसरं होतं, पण त्याला अर्जात रकाना नव्हता.

पहिल्या रात्री, हमाल गेल्यावर,
ते काट्याच्या मधोमध लोखंडावर ठेवलं
आणि बाहेरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं.
शून्य.
साठ टनी काट्याला ते दिसलंच नाही.
मग मीही शेजारी जाऊन उभा राहिलो.
सत्तर.
म्हणजे नुसता मीच.

रविवारी रायफल क्लब.
टेकडीला टेकलेला मातीचा बांध, त्यापुढे कागदी वर्तुळं.
पहिली गोळी कुठे गेली देव जाणे.
दुसरी कागदाच्या कोपऱ्यात, लाजत.
तिसरीला मनगटापासून खांद्यापर्यंत
काहीतरी जुनं उठून बसलं:
मचाणावर दहा वर्षांचा पोर,
खाली दादरची कणसं, हातात गोफण,
आणि एकदम आभाळभर झालेली पाखरं,
जी मला कधीच मारायची नव्हती,
फक्त उठवायची होती.
"काका, हसू नका, श्वास धरा,"
शिकवणारी गिरासेंची पोर म्हणाली.
एकोणसाठाव्या वर्षी कसला धरतोय.

घरी आल्यावर चिंधी, तेल, दात घासायचा जुना ब्रश.
प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने,
आणि ती खट्ट,
सगळं परत जागेवर बसल्याची,
जी ऐकायला मी पुन्हा एकदा उघडतो.
बायको दारातून म्हणाली,
"माले कव्हय इतलं देखं नही."
खरंच होतं. मी ब्रश खाली ठेवला.
थोड्या वेळाने परत उचलला.

निवडणूक लागली की नोटीस येते:
शस्त्र ठाण्यात जमा करावे.
यंदा नेमकी आखाजीच्या तोंडावर.
निंबांना झोके चढत होते,
येस्टीतून लेकी उतरत होत्या, कडेवर पोरं, हातात पिशव्या.
त्यांच्यातून वाट काढत माझीही एक पिशवी,
तळाशी ते, वर डब्यात सांजोऱ्या.

टेबलाशी हवालदार भटू माळी,
निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस.
चष्मा पुसला, नंबर पाहिला,
रजिस्टरात लिहायला लागला, 'एक पिस्तूल, चालू स्थितीत',
आणि उजवा हात लिहीत असताना
डाव्या हाताचा अंगठा, न बघता,
त्या 'भ'वर जाऊन थांबला.

"कोनं कोरेल शे हाई?" मी विचारलं.
पेन थांबलं नाही.
"साहेब आत झोपेल ऱ्हायेत. पट्टा मन्हाकडे.
सोळा रात बंदोबस्त व्हता.
झोप लागाले नको म्हनीसन."

सांजोरी त्याने पुढे सरकवल्याबरोबर घेतली,
अर्धी मोडून कागदावर ठेवली.
निकाल लागला की नेतो, मी म्हणालो.
"राहू द्या आखो चार दिन," तो म्हणाला,
"तेल मी घालसू."