दोन हात कमी

अठ्ठावीस हात मांजरपाट लागेल,
असं मी बैठकीत बोलून बसलो
आणि मंडळ, म्हणजे सहा माणसं अन् एक सतरंजी,
माझ्याकडे असं पाहू लागलं
जसे मी अठ्ठावीस एकर मागितले.

जुन्या पडद्यावर राजवाडा आहे. कमानी, कारंजं, दोन मोर.
आमच्या नव्या नाटकात राजा नाही.
मामा तलावाचं भांडण आहे,
ढिवरांची जाळी आहेत, पाळीवरचा मोह आहे.
कारंज्यात कोण जाळं टाकेल?

राईस मिलवाले मुरलीधरजी म्हणाले, "सारा खर्च माझा.
फक्त तलावाच्या मधात आपली मिल येऊ द्या.
पान्यात पडछाया बी दाखवा, चिमणीची."
नोटा त्यांनी टेबलावर ठेवल्या, वर वजन म्हणून तांदळाचा नमुना.
मी घरी येऊन भिंतीवर कोळशानं मिल काढून पाहिली.
वाईट दिसत नव्हती.
तेच वाईट होतं.
रात्रभर तिच्याकडे पाठ करून झोपलो,
सकाळी ओल्या फडक्यानं पुसली
आणि पावती पुस्तक काखेत मारून निघालो.

पहिल्या गल्लीत एक्कावन रुपये. दुसरीत सल्ला.
कोणी म्हणालं, मुंबईत अर्ज करा,
कोणी म्हणालं, मोबाईलवर मागतात आता लोक,
आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
दसरूजी मडावींनी पायलीभर धान ओतलं
आणि पावती नाकारली.
"मले वाचता येत नाही, तुले इसरता येत नाही. झालं."

फुलन कोवे म्हणाली, "रुपये कुठून देऊ बापा?
पानं देतो."
वैशाखात, पहाटे चारला जंगलात शिरणाऱ्या बाया,
प्रत्येकीनं पाच पुडे जास्तीचे बांधले,
पुड्याला सत्तर पानं, मोजून.
फळीवर मुनशीनं पेन थांबवला.
"हे कोनाच्या नावानं लिहू?"
"पडद्याच्या."
त्यानं खरंच लिहिलं:
पडदा. रा. इथलाच.
बापाच्या नावाच्या रकान्यात रेघ मारली.

सगळं मिळून आलं सव्वीस हातांचं कापड.
तलावाच्या डाव्या कोपऱ्यात निळा संपला,
तिथे सुलोचनाच्या घरची कपड्यांची नीळ आहे.
जवळून पाहिलं तर कळतं. पाहू नका.

मंडईच्या रात्री पडदा लागला
आणि उजवीकडे दोन हात मोकळे राहिले.
त्या फटीतून अख्ख्या गावाला दिसत होता
मालगुजार झालेला शालिक दोनाडकर
मिशी चिकटवताना, मिशी पडताना, पुन्हा चिकटवताना.
पहिला हशा नाटकाआधीच मिळाला.
मग माईकवर नावं वाचली.
एक्कावन रुपये, पायलीभर धान, पाच पुडे, पाच पुडे, पाच पुडे.
चाळीस मिनिटं लागली. एकही माणूस उठला नाही,
आपलं नाव यायचं होतं प्रत्येकाचं.

मुरलीधरजी पहिल्या रांगेत होते, तिकीट काढून.
पहाटे विंगेत येऊन म्हणाले,
"तेवढ्या दोन हातांत मिल बसली असती."
"बसली असती जी," मी म्हणालो.
खोटं कशाला बोलू.

उजाडताना फुलन आली, चप्पल हातात घेऊन.
"माहे पुडे कोनते?"
मी पाळीखाली बोट ठेवलं, वाळत घातलेल्या पानांवर.
ती बराच वेळ पाहत राहिली.
मग म्हणाली,
"वाळलं पान इतकं हिरवं नसते."

मी पैसे घेतले होते.
ब्रश अजून धुतला नव्हता.
हिरव्यात थोडी काव कालवली
आणि तिला विचारलं,
"एवढं?"
"अजून थोडं," ती म्हणाली.