कॉल बुक

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत चौतीस वर्षं
माझा बाप लोकांच्या झोपा मोडत फिरला.
त्याचाच पगार होता.

हुद्दा कॉलमन, नाव सुपडू सपकाळे.
सायकल, आधी कंदील, नंतर टॉर्च,
आणि काखेत एक लांबट वही:
ड्रायव्हरचं नाव, गाडी नंबर, उठवल्याची वेळ, सही.
सही झाल्याशिवाय माणूस उठला असं धरायचं नाही,
डोळे उघडे असले तरी.

डिसोझाच्या खिडकीवर नखाने तीनदा.
पिंजारी गार्डला नुसतं खाकरणं पुरे.
जोहरे पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून
दुसरं टोक खिडकीबाहेर सोडून निजायचा.
नाना ती ओढायचा अगदी बेताने,
विहिरीत बादली बुडवताना दोर हलवतात तशी.
शेजारी निजलेलं तान्हं
एकदाही रडलं नाही म्हणतात.

आणि मी त्याची मुलगी,
वीज कंपनीत बिलांच्या तक्रारी घेणारी,
साडेसातच्या आधीचं भुसावळ
लग्नाच्या दिवशी तेवढं पाहिलेलं.

यंदा मे महिन्यात ठरवलं. साडेचार.
दुपारी डांबर चपलेला धरतं इथे,
रात्री भिंती दिवसभराचं ऊन परत करतात.
चोवीस तासांत कुणाच्याही मालकीचा नसलेला
असा एकच तास उरतो.
मोबाईल उशाशी ठेवला, झोपेतच बंद केला.
कपाटावर ठेवला.
स्टुलावर चढून बंद केला, उतरून निजले.
चौथ्या दिवशी नानाला म्हटलं,
तुम्हीच उठवा.

नाना आता आठला उठतो. निवृत्तीचा हक्क म्हणतो.
चष्मा शोधला, माझ्याकडे पाहिलं.
"वही आन."

शाळकरी वहीला पट्टीने रेघा मारल्या.
नाव लिहिलं. वेळ लिहिली.
"गाडी कोनती?"
गाडी नाही नाना, मला नुसतं उठायचंय.
"नुसत्या साडेचारले कोनी उठत नाही, माय.
गाडी उभी रायते, म्हनून मानूस उभा रायते."
रकाना रिकामा राहिला.

दुसऱ्या पहाटे त्याने हाक मारली नाही.
कूलर बंद केला फक्त.
ती खडखड थांबली आणि त्या शांततेने
मी दचकून उठून बसले.
दारात तो, हातात वही, पेन उघडं.
सही केली. वाकडी, पण माझीच.

सत्तावीस दिवसांत एकोणीस सह्या.
आठ रकान्यांत त्याच्या अक्षरात: गैरहजर.
एकदा: पोट दुखते म्हणाली.
एकदा नुसतं: खोटं.

उठून मी काही मोठं केलं नाही.
जिन्याच्या वरच्या पायरीवर चहा घेऊन बसले.
दीपनगरच्या चिमणीवरचा लाल दिवा
उघडमीट करत होता, माझ्यासारखाच अर्धा जागा.
सावद्याकडून केळीचे ट्रक आले,
ताडपत्रीखालून हिरवा, कच्चा वास.
मग यार्डातून एक इंजिन निघालं,
मागे एकही डबा नाही, घाई नाही,
आपल्या आपण चाललेलं.
लहानपणी नाना बोट करून सांगायचा:
लाइट इंजिन.

तेच लिहिलं त्या रकान्यात.
नानाने वाचलं, वही दूर धरून पुन्हा वाचलं.
"चालते," म्हणाला. "त्यालेबी सिग्नल लागते."

काल जाग आली तेव्हा कूलर चालूच होता.
चार एकोणतीस.
दार ढकललं. नाना पाठीवर, तोंड उघडं,
वही छातीवर, पेन खाली घरंगळलेलं.
चौतीस वर्षांत पहिला कॉल चुकला त्याचा.

मी वही हळूच काढून घेतली,
नखाचाही आवाज न करता.
वेळ लिहिली, सही केली.
उठवणाऱ्याचा रकाना तसाच सोडला,
आणि त्याचा कूलर बंद केला नाही.