दहाच नेली

आता प्लास्टिकची मिळतात, बॅटरीवर पंख फडकवणारी.
माझी तक्रार नाही.
पण आमची डझनभर बदकं
वडिलांच्या कोटाच्या एका खिशात मावायची,
घडी घालून, टाल्कम लावून,
एकमेकांना चिकटू नयेत म्हणून.

पैसेवाल्यांची लाकडी असत, त्यांना नाव लागे.
आम्ही पायीच जायचो, पाणकणसांतून दोन मैल,
विस्कॉन्सिनच्या बाजूला, जिथे मिसिसिपी
आपण नदी आहोत हे विसरून नुसती पसरते,
आणि पहाटे चारला, अंधारातच,
बदकं फुंकायला बसायचो.

सहा त्यांची, सहा माझी.
थंडीनं रबर ताठलेलं, तोटी दातांत धरावी लागे.
जिभेवर जुन्या टायरची चव.
चौथ्या बदकापर्यंत डोळ्यांपुढे काजवे.
वडील म्हणत, "आपल्याच छातीतलं घालावं लागतं.
फुकट कोण खाली उतरतंय?"
एवढं बोलले की त्यांचं दिवसभराचं बोलून झालेलं असे.

मग दोरीला शिसं बांधून एकेक सोडायचं पाण्यावर.
वाऱ्याची झुळूक आली की नाचत. जरा जास्तच नाचत.
लाकडी बदकांना असं नाचता येत नसे, हे खरं;
पण खऱ्यांनाही येत नाही.

त्यातल्या एकाच्या मानेत सुईएवढं भोक.
सायकलचं ठिगळ तीनदा लावलं, तीनदा सुटलं.
नऊ वाजता त्याची मान कलायची, चोच पाण्यात,
प्रवचनात पेंगणाऱ्या आइनारकाकांसारखी.
म्हणून त्याचं नाव आइनार. काका खवळत.
गंमत अशी, की वरचे थवे
घिरट्या घालून, आमची अकरा धडधाकट सोडून
उतरायचे ते नेमके त्याच्याशेजारी.
मान खाली म्हणजे
ह्याला काहीतरी खायला सापडलंय.

एका धुकट सकाळी काकांनीच आइनारवर गोळी झाडली.
तो मेला नाही, सुटला.
फर्रर्र करत, वेडावाकडा, अख्ख्या पाण्यावरून
पलीकडच्या वेतांत जाऊन पडला.
शेदोनशे मॅलार्ड एकदम उठले,
आणि आमच्यातल्या एकालाही बंदूक उचलवेना.
वडील लव्हाळ्यात आडवे, टोपी तोंडात कोंबून
हसत होते.
मी त्यांना तसं हसताना
तेवढं एकदाच पाहिलं.
"मीच मला मारलं," काका सांगत राहिले,
पुढची वीस वर्षं, भेटेल त्याला.

वडील एप्रिलमध्ये गेले.
नोव्हेंबरात मी शेड उघडली.
फळीवर दहा बदकं, पापडासारखी चपटी.
अकरावं फुगलेलं. टणटणीत.

ते मांडीवर घेऊन किती वेळ बसलो, आठवत नाही.
सतरा वर्षांचा होतो. तोटीचं बूच काढलं नाही,
कानाशी मात्र नेलं.

लव्हर्नचं टायरचं दुकान होतं. त्याला दाखवलं.
टोमॅटो दाबावा तसा त्यानं अंगठा दाबून पाहिला.
"ह्या रबरात हवा महिनाभर टिकते," म्हणाला,
"फार तर सहा आठवडे. एप्रिलपासून? छे."
त्यात दुष्टपणा काही नव्हता.
त्याला रबराचंच कळत होतं.

घरी येऊन दिव्याखाली धरलं.
तोटीच्या कडेला, पुसट, नखाएवढी,
लिपस्टिक.

आई, जी कधी दलदलीत फिरकली नाही,
जिला स्वयंपाकघरात उडालेल्या पिसांचा तिटकारा,
जी ओठ रंगवायची फक्त रविवारी,
फक्त चर्चसाठी.

मी ते होतं तसं फळीवर ठेवलं,
चोच दाराकडे, जशी होती.
त्या वर्षी दहाच नेली.

आणि रविवारी चर्चहून परतलो
की गाडीचं काहीतरी बिघडलंय असं भासवत
बॉनेटखाली डोकं घालून उभा राहायचो,
शेडकडे पाठ करून,
चांगली दहा मिनिटं.