पंचवीस मीटर

जानेवारीत फ्रिजवर चिठ्ठी लावली :
काठ न धरता, एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
खाली तारीख नाही. तारखांशी माझं कधी पटलं नाही.

रेक्सममधला म्युनिसिपल तलाव, मंगळवार, सकाळी सात.
काचेबाहेर दहिवर, आत क्लोरीनचा वास,
आणि बेथन, माझ्या धाकटीहून लहान,
म्हणते, पाण्याशी भांडू नका.
आयुष्यभर कुणाशीच भांडले नाही मी,
एक पाणीच काय ते सापडलं होतं.

चिठ्ठीवर हळदीचा डाग पडला.
मॅग्नेट दोनदा बदललं.

आज हात टाइल्सवर आपटला
तेव्हा वाटलं, ही भिंत मध्येच कुठून आली?
वळून पाहिलं : एवढं पाणी, माझ्यामागे.
बेथन तिकडे
कुणाचा तरी गॉगल नीट करत होती.

हाक मारणार होते.
मग श्वास घेतला
आणि परत निघाले.