चार बाटल्या

मुरारच्या नाक्यावर, पहाटे पाच चाळीसला
हरविलास कुशवाहाच्या कॅनमधून
चार बाटल्या भरते मी.
पळी पुढे करेपर्यंत त्यानं
कोपरापर्यंत हात घालून ढवळलेलंही असतं.

प्रत्येकीत फॉर्मेलिनचे थेंब, मोजून.
आता हे दूध नासणार नाही,
कुणी पिणारही नाही.
साक्षीला कुणी थांबत नाही;
शेवटी पंक्चरवाला सही करतो,
कागदावर ग्रीसचा अंगठा उमटवून.

"मॅडमजी, डेअरीनं साय काढली तर टोन्ड,
मी काढली तर चोरी?"
लाख वितळत असते. मी काडीकडे बघते.

भोपाळहून आकडा येईल:
तीनच्या जागी दोन पूर्णांक सहा.
छापील फॉर्मवर दोन रकाने,
अवमानक, असुरक्षित.
पहिल्यात दंड. दुसऱ्यात कोर्ट,
आणि कुणाचं तरी पोरगं सलाइनवर.
मधली रेघ केसाएवढी.

घरी बाबांना डॉक्टरांनी दीड टक्क्याचं सांगितलंय.
निळसर पेला ते खिडकीच्या उजेडात धरतात:
"तुझ्या कायद्यात याला दूध म्हणतात?"
म्हणतात, बाबा.

ते पितात. मी ओट्यापाशी
तारीख वाचते, परवाना क्रमांक वाचते,
आणि तरीही
पाकिटाचा कापलेला कोपरा नाकाशी नेते.